साखरेच्या बेटावर अर्धा किलो साखर

भोपाळमध्ये सोनागिरीतल्या आमच्या गल्लीत कुणी परदेशी जाऊन आलं की त्याला दोनच प्रश्न विचारतात. तिकडे खायला काय मिळतं, आणि मुलाला पगार किती. आम्ही फिलिपाइन्समधल्या नेग्रोस बेटावर बारा दिवस राहून आलो, तेव्हा शेजारच्या शर्माजींनी तिसराच प्रश्न विचारला, "देवधर साहब, क्या तय हुआ?" कारण आम्ही बेट बघायला नव्हे, मुलगा बघायला गेलो होतो, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. हे लिहिणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. शर्माजींना मराठी वाचता येत नाही, पण त्यांची सून अकोल्याची आहे.

मी कारखान्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. टर्बाइनचे भाग तपासायचे, बरोबर असला तर शिक्का, नसला तर लाल टॅग. माझ्या चेहऱ्यावरून पार्ट पास झाला की फेल, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही असं टाउनशिपमध्ये म्हणत. मला ती स्तुती वाटायची.

आमची एकुलती एक मृणाल साखर-तंत्रज्ञान शिकली आणि नोकरीच्या निमित्ताने त्या बेटावरच्या एका साखर कारखान्यात जाऊन पोचली. एका वर्षाचं काम होतं, त्याची तीन वर्षं झाली. मग एके दिवशी फोन. "बाबा, रामोन म्हणून मुलगा आहे, माझ्याच कारखान्यातला. तुम्ही दोघं या, बघा आणि मग सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून वगैरे जाणार नाही. पण दुसऱ्या कुणाशी लग्नही करणार नाही." धमकी द्यायची ती अशी, शांतपणे. आईवर गेली आहे.

निघण्याआधी मी मुद्दे काढले. लाल पेनने, इन्स्पेक्शन रिपोर्टच्या पद्धतीने. एक, धर्म. दोन, भाषा. तीन, डुक्कर. चार, अंतर. खरं सांगायचं तर कारण चौथं होतं. मुलगी इतक्या लांब द्यायला माझं काळीज तयार नव्हतं. बाकीचे तीन मुद्दे मी नंतर जमवले, कारण एकाच मुद्द्यावर पार्ट रिजेक्ट केला की तो बनवणारे शॉपवाले भांडायला येतात.

कागद शोभाला दाखवला. तिने तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "अक्षर अजून छान आहे तुमचं."

सिलाय

बेटावरच्या विमानतळावर शोभाची पिशवी उघडायला लावली. आतून अर्धा किलो साखर निघाली, आमच्या चौकातल्या किराणावाल्याची, आणि बरोबर जरीकाठाचा रंगीत कागद. अधिकाऱ्याने पुडी उचलून विचारलं, हे काय? शोभा म्हणाली, शुगर. तो थोडा वेळ पुडीकडे बघत राहिला. मग त्याने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावलं, आणि त्याने तिसऱ्याला. विमान उतरताना खाली नजर पोचेल तिथवर ऊसच दिसत होता, आणि आम्ही तिथे साखर घेऊन उतरलो होतो. उलटे बाँस बरेली को, दुसरं काय.

"हे कशाला?" मी बाहेर येता येता विचारलं.

"चहाला लागते," शोभा म्हणाली.

साखरपुड्याचा कागद चहाला लागत नाही, एवढं मलाही कळतं. म्हणजे माझ्या खिशात नकाराचा कागद आणि हिच्या पिशवीत होकाराची साखर, असे आम्ही दोघं एकाच विमानातून आलो होतो.

बाहेर मृणाल उभी होती. वाळली होती. तिच्या शेजारी एक काळासावळा, ठेंगणा, नीट भांग पाडलेला मुलगा. मी हस्तांदोलनाला हात पुढे केला, तर त्याने वाकून माझा हात आपल्या कपाळाला लावला. तिकडे थोरांना असाच नमस्कार करतात. मी हात धुतलेला नव्हता. शोभाच्याही हाताला त्याने कपाळ टेकवलं, आणि तिने लगेच त्याच्या डोक्यावर दुसरा हात ठेवला. हिचं मत तिथेच पडलं.

सिलाय हे जुनं गाव. साखरेने श्रीमंत झालेल्यांनी बांधलेली लाकडी घरं ओळीने उभी आहेत. खाली दगडी जोतं, वर मोठ्या खिडक्या आणि शिंपल्यांच्या तावदानांची सरकती दारं. त्यातल्याच एका घराच्या माडीवर मृणाल भाड्याने राहते. तेरा पायऱ्या, लाकूड उत्तम, एकही करकरत नाही.

पहिल्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. विचारलं, दूध आहे? दुकानदारीण फक्त दोन्ही भुवया वर करून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, दूध मागणं हा इथे गुन्हा असावा. पुन्हा विचारलं. पुन्हा भुवया. मी परत आलो आणि शोभाला सांगितलं, लोक उर्मट आहेत. मृणाल पोट धरून हसली. "बाबा, भुवया वर करणं म्हणजे हो! दूध होतं तिच्याकडे." मी यादीतल्या दुसऱ्या मुद्द्यापुढे 'गंभीर' असं लिहिलं.

खाण्याचं म्हणाल तर शोभा पक्की शाकाहारी, मी अंड्यापर्यंत जातो. हे लोक तुरीचे दाणे आणि फणस एकत्र शिजवतात. वाचून तोंडाला पाणी सुटलं असेल तर थांबा, त्यात डुक्कर घालतात. मात्र पियाया नावाचा एक प्रकार खाल्ला आणि शोभा घास तोंडात धरून थांबली. पातळ पोळी, आत कच्ची तपकिरी साखर, वरून तीळ, तव्यावर भाजलेली. "अहो, ही तर गुळाची पोळी!" ती म्हणाली. तूप नव्हतं. तिने पिशवीतून काढलं. तूपही आणलं होतं बाईने.

दुसऱ्या दिवशी जळलेल्या बंगल्याला गेलो. एका साखरवाल्याने बायकोच्या आठवणीत बांधला होता. महायुद्धात शत्रूच्या हाती पडू नये म्हणून आपल्याच माणसांनी पेटवला. छप्पर गेलं, खांब तसेच आहेत. गाइड म्हणाला, काँक्रीटमध्ये अंड्यातला पांढरा भाग घातलाय. मी नखाने खरवडून बघितलं, काही निघालं नाही. काम चोख आहे. शोभाने विचारलं, "मग पिवळ्याचं काय केलं?" गाइड म्हणाला, त्याची मिठाई केली. या उत्तराने तिचं समाधान झालं.

शेजारच्या बाकोलोद शहरात तेव्हा मुखवट्यांचा उत्सव चालू होता. रस्ताभर नाचणारी माणसं आणि प्रत्येकाच्या तोंडावर हसरा मुखवटा, पिसं, मणी, आरसे. रामोनने त्याची गोष्ट सांगितली. एके वर्षी साखरेचे भाव कोसळले, घराघरात उपासमार, त्यातच माणसांनी भरलेली बोट बुडाली. तेव्हा लोकांनी ठरवलं, हसायचं. भोपाळहून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे गॅसकांडाच्या आठवणीत दर डिसेंबरात मेणबत्त्या निघतात. शोभाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही पुढे चालायला लागलो.

एका विक्रेत्याने माझ्या तोंडावर जबरदस्तीने मुखवटा चढवला. शोभा लांब उभी राहून न्याहाळत म्हणाली, "असेच राहा."

रविवार

दोन्ही घरांनी रविवारी अकरा वाजता भेटायचं असं मृणालने ठरवलं होतं. ऊस गाळपाचा हंगाम, त्यामुळे तिची आणि रामोनची सकाळची शिफ्ट होती. दोघं सुटल्यावर येणार. "अकराला भेटा, आम्ही मागून पोचतोच," एवढंच ती बोलली. कुठे भेटायचं ते तिने आम्हाला सांगितलं नाही, रामोनने त्याच्या आईवडिलांना सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? कुणालाही माहीत असतं.

मला तर लहानपणापासून माहीत होतं. माझ्या ताईसाठी आमच्या वडिलांनी अकरा घरांचे उंबरे झिजवले. मी तेव्हा शाळेत, हातात पेढ्यांचा पुडा धरून त्यांच्या मागे. लोक आत बसवून ठेवायचे, चहा उशिरा द्यायचे, पत्रिका परत करायचे. मुलीच्या बापाने जायचं असतं, आणि वेळेआधी जायचं असतं. नकार द्यायचा असला तरी रीत सोडायची नाही, तो त्यांच्या घरी बसून द्यायचा. मी यादी खिशात घातली, शोभाने पिशवी उचलली आणि दहा वाजता आम्ही तीनचाकीत बसलो.

वाटेत उसाच्या छोट्या रेल्वेचं फाटक आहे. उसाची गाडी जात होती, आमच्या मृणालने लहानपणी चावी दिलेल्या खेळण्याच्या वेगाने. फाटकापलीकडे एक सजवलेली जीप उभी होती. पांढरे, पातळ, कशिदा केलेले सदरे घातलेले पुरुष, एकाच्या हातात गिटार, आणि मधोमध केळीच्या पानांवर अख्खं भाजलेलं डुक्कर, खुशाल आडवं. फाटक उघडल्यावर जीप आमच्या शेजारून गेली. शोभाने हात हलवला. त्यांनीही सगळ्यांनी हलवला.

"कुणाचं तरी कार्य दिसतंय," ती म्हणाली.

"डुकराचं नक्कीच नाही," मी म्हणालो.

कारखान्याच्या वसाहतीत शिरलो आणि मी तीनचाकी हळू घ्यायला सांगितली. एकसारखी क्वार्टर्स, पुढे एकाच मापाचं कुंपण, क्लब, सहकारी भांडार, शाळा, मैदानावर पाण्याची टाकी. देवळाच्या जागी चर्च, बाकी आमची टाउनशिपच. क्वार्टर बघून मी टाइप सांगू शकतो. रामोनचं घर टाइप टू. तोनियो, म्हणजे रामोनचे वडील, साखर शिजवणाऱ्या खात्यात फोरमन होते. निवृत्त झाले आणि मुलगा तिथेच लागल्याने क्वार्टर त्याच्या नावावर झालं. आमच्याकडे किती घरांत असंच झालंय, मी नावं सांगू शकतो.

घरात फक्त रामोनच्या बेबी आत्या होत्या. बेबी हे तिकडे नाव असतं, या बेबीचं वय बहात्तर. तोडकंमोडकं इंग्रजी. आम्हाला बघून त्या दोन पावलं मागे सरकल्या, मग खुर्च्या पुसल्या. मी विचारलं, तोनियो कुठे? त्यांनी माझ्याकडे बघत ओठांचा चंबू केला आणि तोंड पुढे काढलं. मी नजर खाली घातली. परत विचारलं. परत चंबू, या वेळी जास्त जोरात.

"अहो, त्या काहीतरी सांगताहेत," शोभा कुजबुजली.

"मला त्यात पडायचं नाही," मी म्हणालो.

तिकडे बोटाने दाखवत नाहीत, ओठाने दाखवतात, हे मला संध्याकाळी कळलं. बिचारी बाई सांगत होती की ते त्या रस्त्याने तुमच्याच घरी गेलेत. तिने फोन लावला, तर घंटी आतल्या खोलीत वाजली. तोनियो फोन घरीच ठेवून गेले होते. मग तिने कॉफी आणि पियाया आणून ठेवले. आम्ही बसलो. मुलाकडचे येईपर्यंत मुलीकडच्यांनी उठायचं नसतं. मला वाटलं, मुद्दाम बसवून ठेवलंय. ताईच्या वेळेला नाही का बसवायचे!

जवळजवळ दोन तास बसलो. रागारागाने मी घर तपासलं. दाराच्या बिजागऱ्यांना तेल होतं. मागच्या पडवीत फळीवर हत्यारं टांगलेली आणि प्रत्येक हत्यारामागे त्याची रंगाने आखलेली आकृती, म्हणजे पाना जागेवर नसला की लगेच कळतं. आमच्या घरी माझी फळी अशीच आहे, शोभा तिला माझं देवघर म्हणते. बैठकीत भिंतीवर घड्याळ, खाली पितळी पट्टी, दीर्घ सेवेबद्दल कंपनीकडून. तसलंच माझ्याकडेही आहे. माझं दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. मी माझ्या हातघड्याळाशी ताडून बघितलं. तोनियोंचं सहा मिनिटं मागे होतं. राग निम्मा उतरला.

सव्वाबाराला घरचा फोन वाजला. आत्यांनी तो माझ्या हातात दिला. मृणालचा आवाज चढलेला.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"मुलाच्या घरी. साडेदहापासून. यांची रीत काही मला..."

"अहो बाबा, ते माझ्या दारात बसलेत! मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जाऊन मागणी घालायची असते इथे! साडेदहापासून पायरीवर आहेत, उन्हात. मी आत्ता येऊन दार उघडलं तर आत यायला तयार नाहीत. मुलीच्या वडिलांनी ये म्हटल्याशिवाय पायरी चढायची नसते म्हणे. जवळ डुक्कर आहे!"

शोभा शेजारून ऐकत होती. "म्हणजे ती जीप," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसू दाबायला लागली. आम्ही त्यांना टाटा केला होता.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे तर नाक चांगलं असून ही तऱ्हा. मी म्हणालो, आम्ही निघालो. मागून तोनियोंचा आवाज आला, नाही, आम्ही निघालो. मी म्हटलं, मी मुलीचा बाप आहे, तुम्ही माझ्याकडे येणं बरं दिसत नाही. ते म्हणाले, मी मुलाचा बाप आहे, तुम्ही माझ्याकडे येणं तर फारच वाईट दिसतं. शेवटी मृणाल ओरडली, "कुणीही कुणाच्या घरी जायचं नाही! फाटकावर या!"

फाटक

फाटकापाशी एक जुना, पसरलेला शिरीष आहे. त्याच्या सावलीत जीप उभी होती. डुक्कर उन्हाने जरा उतरलं होतं. तोनियो माझ्याच वयाचे, माझ्याहून बुटके. मानेवर उन्हाचा लाल पट्टा उठलेला, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. शेजारी त्यांच्या पत्नी, लुझ, पायातल्या चपला हातात घेऊन. नवीन असाव्यात, चावल्या होत्या. रामोन मागे उभा होता, त्याच्यामागे मृणाल.

तोनियोंनी टोपी काढून छातीशी धरली आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागले. ती भाषा अशी आहे की भांडले तरी अंगाई म्हटल्यासारखं वाटतं. रामोन एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होता. आम्ही साधी माणसं आहोत. तुमची मुलगी आमच्याकडे येते तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. तिला तुम्ही वाढवलंत, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही काही धरून चालणार नाही. तुम्ही तिला आम्हाला द्याल का?

मला वडील आठवले. अकरा घरं. त्यांना कुणी टोपी काढून विचारलं नव्हतं. त्यांनीच विचारायचं असायचं, दर वेळी, आणि ताई आत पोह्यांच्या बशा धरून उभी. आणि इथे एक माणूस माझ्या पोरीसाठी दोन तास उन्हात पायरीवर बसला होता, दार उघडं मिळूनही आत न जाता. मला रडू येत होतं हो, लपवून काय करू. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून मी आपल्याकडे करतो तशी मान डोलवली. डावीकडे, उजवीकडे. बरं, चालेल, होऊ द्या.

तोनियोंचा चेहरा उतरला. लुझ यांनी चपला खाली ठेवल्या. रामोन जमिनीकडे बघायला लागला. मला क्षणभर कळेना, झालं काय. मग लक्षात आलं. तिकडे मान अशी हलली की त्याचा अर्थ एकच, नाही. शोभा खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधत होती. मृणालने तर डोळे गच्च मिटून घेतले होते, तिला काही दिसलंच नव्हतं. सांगणार कोण? आणि तोंड उघडलं तर मी रडणार.

मी तोनियोंच्या डोळ्यांत बघितलं आणि दोन्ही भुवया वर केल्या. बत्तीस वर्षांत कुणाला न दिसलेली गोष्ट. जितक्या वर जातील तितक्या वर नेल्या आणि तिथेच धरून ठेवल्या.

"ओ!" लुझ ओरडल्या. तोनियोंनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली, परत घातली. गिटारवाल्याने एकदम सुरुवात केली. मृणालने डोळे उघडले आणि माझा चेहरा बघून घाबरून म्हणाली, "बाबा, बरं वाटत नाहीये का?"

शोभाने तोवर जरीकाठाचा पुडा वळून ठेवला होता. कधी वळला कोण जाणे. तिने तो लुझ यांच्या हातात दिला, चिमूटभर साखर रामोनच्या तोंडात घातली आणि पुडा तोनियोंच्या पुढे केला. चाळीस वर्षं साखर शिजवलेला माणूस तो. थोडी तळहातावर घेतली, बोटाने पसरली, उन्हात धरली, एक डोळा मिटून बघितली.

"दाणा एकसारखा नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "घाई केलीय कुणीतरी." मग सगळी तोंडात टाकली. "पण गोड आहे. पास."

मला माणूस तिथे पुरता पटला.

सोनागिरी

तर शर्माजी, हे ठरलं. लग्न मार्चमध्ये, एकदा तिकडे, एकदा इकडे. डुकराला आमच्याकडे निमंत्रण नाही, हे त्यांना सांगून झालंय.

रविवारी मृणालचा व्हिडिओ कॉल येतो. शोभा तासभर बोलते. मग फोन माझ्याकडे आणि तिकडे तोनियोंकडे जातो. दोघांचंही इंग्रजी मशीनपुरतं. ते भुवया वर करतात, मी करतो. मी मान डोलवतो, आता तेही डोलवतात. त्यांच्यामागे भिंतीवर त्यांचं घड्याळ दिसतं, माझ्यामागे माझं.

कागद अजून माझ्या खणात आहे. पहिल्या तीन मुद्द्यांपुढे मी 'क्लोज' लिहून सही केली. चौथा ओपन आहे. मी शोभाला विचारलं, याचं काय करायचं. ती म्हणाली, "तो ओपनच राहणार. जेवायला चला."